डावा खांदा

पुरुषांचे कोट शिवणारी बाई त्या सगळ्या बाजारात एकच होती, म्हणून लोक तिला कोटवाली म्हणायचे. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव होतं, पण ते आता कोणी वापरत नव्हतं. घरात ती धाकटी आणि बाजारात कोटवाली. माप घ्यायची तिची तऱ्हा वेगळी होती. टेप दिसली की पुरुष छाती काढतो, पोट आत घेतो आणि सैन्यात भरती व्हायला आल्यासारखा ताठ उभा राहतो. त्या मापावर विश्वास ठेवला तर कोट फक्त आरशासमोर अंगाला बसतो. म्हणून कोटवाली टेप गळ्यात तशीच ठेवून आधी गप्पा मारायची. गुडघा काय म्हणतो, घरमालक छळतो का, मुलीचं कुठे जमलं का. बोलता बोलता माणूस सैल पडला, खांदे आपल्या मूळ जागी आले, की मग हळूच टेप लावायची. गिऱ्हाईक जिन्यावरून वर येतानाच मला कळतं ते कसं आहे, असं ती म्हणायची, आणि दुकानापुरतं ते खरंही होतं.

दुकानाबाहेर मात्र सगळा आनंदीआनंद. चाळिशी उलटली तरी बाईचं कुठे बस्तान बसलं नव्हतं, आणि त्याचं कारण असं की जेव्हा जेव्हा ती प्रेमात पडली, तेव्हा पायाला भिंगरी लागलेल्या माणसाच्याच पडली. पहिला पुलांच्या कामावर मोजणी करायचा. एक पूल झाला की दुसरा, आणि दुसरा नेहमी पहिल्यापेक्षा लांबच्या नदीवर. त्यानंतरचा वाद्यवृंदात ट्रंपेट वाजवायचा. तो गावोगाव हिंडायचा आणि प्रत्येक गावाहून फोनवर थोडंसं वाजवून दाखवायचा, त्यावर हिने वर्षंच्या वर्षं काढली. तिसरा जहाजावर मेकॅनिक. तो तर महिनोन्‌महिने पाण्यावर. आला की आठवडाभर घर उजळून निघायचं, आणि मग बॅग भरायची वेळ व्हायची. प्रत्येकाला तिने कोट शिवून दिला, प्रत्येकाला निरोप दिला आणि प्रत्येकाच्या मागे उशी भिजवली.

लोक म्हणायचे, बिचारीचं नशीबच खोटं. नशीब एकदा दगा देतं, दोनदा देतं. पुन्हा पुन्हा तेच व्हायला लागलं तर माणसाने जरा स्वतःकडेही बघावं की नाही? पण कोटवालीला वाटायचं की पुरुषजातच तशी. तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, तिला बजावायची की अगं, जगात घरी राहणारे पुरुषही असतात, माझाच बघ, सुट्टीच्या दिवशी हाकलला तरी बाहेर जात नाही. त्यावर धाकटी हसायची. ताईचा नवरा बघून तिला जांभई यायची, पण ते ती बोलून दाखवायची नाही.

अशात भूगोलाचे सर कोट शिवायला आले. शाळेत त्यांना मुख्याध्यापक करायचं ठरलं होतं, आणि मुख्याध्यापकाला कोट हवा असं त्यांच्या सहकाऱ्यांचं मत पडलं होतं. सर विधुर होते, पन्नाशीच्या अलीकडचे, आणि त्यांची गंमत अशी की जगाचा नकाशा तोंडपाठ, पण आपलं गाव सोडून ते फारसे कुठे गेलेच नव्हते. प्रवासात त्यांना बस लागायची. माप देताना ते ताठही झाले नाहीत. जसे रस्त्यावर उभे असतात तसेच उभे राहिले. कोटवालीला गप्पा माराव्या लागल्या नाहीत, त्यामुळे तिला जरा चुकल्यासारखंच झालं.

कापड निवडायला ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. अस्तर निवडायला परत आले. बटणांसाठी आले, आणि बटणं पसंत पडल्यावरही येत राहिले. शाळा सुटली की पेपरांचा गठ्ठा घेऊन दुकानातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, तपासता तपासता एखादं उत्तर मोठ्याने वाचून दाखवायचे. एका पोराने वाळवंटात भाताचं पीक काढलं होतं. कोटवाली हसली की सरही हसायचे. दुकान बंद करताना शटरला हात लावायचे आणि घरी जायचे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा हजर.

मग एके दिवशी त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं आणि सरळ विचारलं. म्हणाले, आपण दोघांनी एकत्र राहावं असं मला वाटतं, तुम्हाला काय वाटतं ते सांगा, घाई नाही. कोटवालीने कात्री खाली ठेवली. नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं, पण हो म्हणायला तोंड उघडेना. कोट पूर्ण होईपर्यंत सांगते, म्हणाली. सर बरं म्हणाले आणि पुढचा पेपर घेतला.

तिचं घोडं कुठे अडलं होतं ते तिला पक्कं माहीत होतं. सर तिला आवडत होते. त्यांच्याशी बोलणं आवडत होतं, त्यांचं शांत बसणं आवडत होतं. पण ते जिन्यावर दिसले की तिच्या छातीत काही होत नव्हतं. मेकॅनिकचा नुसता मेसेज आला तरी तिच्या काळजाची धडधड मशिनच्या आवाजावरून ऐकू यायची. ट्रंपेटवाल्याच्या वेळी तर तिने सुईने बोट शिवून घेतलं होतं. आणि इथे काहीच नाही. धडधड नाही तर प्रेम कसलं, असं तिने आयुष्यभर मानलं होतं. उद्या आपण या सज्जन माणसाला हो म्हटलं आणि जन्मभर जांभया देत बसलो तर त्याचंही वाटोळं करू, याची तिला मनापासून भीती वाटत होती.

कच्च्या ट्रायलच्या दिवशी एक चूक बाहेर आली. कोट टाक्यांवर उभा होता, अजून पक्की शिलाई मारायची होती. तिने सरांच्या अंगावर चढवला, मागे सरकून बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. उजवी बाजू झकास. डाव्या खांद्यावर मात्र कापड ताणलेलं, मानेमागे आडवी चुणी, आणि कॉलर मानेपासून सुटलेली. सरांना काही कळलं नाही, ते आरशात बघून बरा दिसतो म्हणाले. कोटवालीने कोट उतरवून घेतला, आठवड्याने पुन्हा घालून बघू म्हणाली, आणि ते गेल्यावर टेबलावर पसरून टेप लावली. लिहून घेतलेलं माप बरोबर होतं, दोन्ही खांदे सारखे. कापताना मात्र तिने डावा खांदा बोटभर उतरवला होता. झुकत्या खांद्याच्या माणसासाठी उतरवतात तसा.

हाताला सवय असते, एखादे वेळी चुकतो, असं ती स्वतःलाच समजावत होती. पलीकडे काजं करत काका बसले होते. हे काका तिच्या उस्तादाच्या काळापासून त्या दुकानात काजं करत आलेले, तिने पहिल्यांदा कात्री धरली ती त्यांच्या देखत. त्यांनी सुई कापडात खोचली, उठून आले आणि कापलेल्या खांद्यावरून अंगठा फिरवला.

"हा खांदा मला ओळखीचा आहे," काका म्हणाले. "पूलवाल्याच्या कोटाला हाच होता. त्या वाजंत्र्याच्या कोटाला हाच. जहाजवाल्याच्याही. आणि पोरी, या सगळ्यांच्या आधी तू जो पहिला कोट कापलास, तुझ्या बाबांचा, त्यालाही."

कोटवाली म्हणाली की त्यात काय मोठंसं, ती सगळी ओझी वाहणारी माणसं होती, ओझ्याने खांदा झुकतोच. काका म्हणाले, तेच तर म्हणतोय, आणि परत काजाला बसले.

बाबा बिजागऱ्या आणि दारांच्या मुठी विकायचे. एका कंपनीचे फिरते विक्रेते होते. नमुन्यांची जड बॅग डाव्या खांद्याला अडकवून गावोगाव जायचे, पंधरा-वीस दिवसांनी घरी यायचे. येणार असले की आई चादरी बदलायची, केसांना शिकेकाई लावून न्हायची, आणि त्या दिवशी कोणी काही सांडलं तरी रागवायची नाही. दारात बॅग टेकवल्याचा आवाज आला की धाकटीच्या छातीत धडधड सुरू व्हायची. बाबा तिला बॅग उघडू द्यायचे. पुन्हा जायची वेळ आली की ती बॅगेवर बसून राहायची, उठायचीच नाही. ताईने तसं कधी केलं नाही. बाबा हसून एक दिवस मुक्काम वाढवायचे आणि सगळ्यांना सांगायचे की हिच्यामुळे राहिलो. बाबांना अडवू शकणारी आपण घरात एकटी आहोत, याचा तिला केवढा अभिमान होता.

त्याच आठवड्यात मेकॅनिकचा मेसेज आला. महिनाअखेर येतोय, या खेपेला कायमचं राहायचा विचार आहे. कायमचं राहायचा विचार त्याने पूर्वीही केला होता, आणि तो विचार आठवड्याच्या पुढे कधी गेला नव्हता. तरी कोटवालीची धडधड सुरू झालीच. तिने दुकान लवकर बंद केलं, घरी जाऊन पडदे धुवायला काढले, पलंगावरची चादर ओढली आणि नवी घालायला घेतली. चादरीचा कोपरा गादीखाली खोचता खोचता तिचे हात थांबले. आई असाच कोपरा खोचायची, तळहात उलटा करून. कोटवाली तशीच पलंगाच्या कडेवर बसली. तिला स्वतःची भीतीच वाटली.

सुट्टीच्या दिवशी ती ताईकडे गेली. बाबा वारल्यापासून आई ताईकडेच राहायची. आई बाल्कनीत उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती, कारण ताईची इस्त्री तिला पसंत नव्हती. धाकटीने इकडचं तिकडचं न बोलता विचारलं की तुला बाबांचं एवढं जाणं-येणं कसं सोसायचं, कधी त्यांना म्हणाली नाहीस का की आता पुरे, घरी राहा.

आईने अभ्रा उलटला, त्यावरून इस्त्री फिरवली, मग इस्त्री उभी केली.

"त्यांना इथल्याच गोदामात नोकरी मिळत होती," आई म्हणाली. "मीच नको म्हटलं."

धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आईने मग शांतपणे सगळं सांगितलं. बाबा आले की पहिले दोन दिवस दोघांचं गूळपीठ असायचं. तिसऱ्या दिवशी एकमेकांचं बोलणं टोचायला लागायचं. चौथ्या दिवशी बाबा नुसते इकडून तिकडे फिरायचे आणि आईला वाटायचं, कधी एकदा हा माणूस जातो. गेला की परत त्याची वाट बघावीशी वाटायची. हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांनी ते कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

"वाट बघणं मला छान जमायचं गं," आई म्हणाली. "रोजचा माणूस जमला नाही. आणि तू बसायचीस त्या बॅगेवर. तुला उठवायला मला लाज वाटायची, म्हणून गप्प राहायचे."

धाकटीने बाल्कनीचा कठडा धरला. बाबांनी मुक्काम वाढवला की आईचा चेहरा पडायचा, हे तिला आठवत होतं. ते पुढच्या विरहाचं दुःख असं ती समजत आली होती. त्या घरात प्रेम होतं, खोटं नव्हतं, पण ते होतं ते दार उघडण्याच्या वेळेला आणि दार लावण्याच्या वेळेला. मधल्या दिवसांत ते कसं दिसतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. मग ते समोर येऊन खुर्चीत बसलं आणि पेपर तपासायला लागलं, तर तिला ओळखू कुठून येणार? तिला आईचा राग आला, आणि आईची इतकी कीव आली की राग टिकेना. तिने इस्त्री हातात घेतली आणि उरलेले अभ्रे तिनेच केले.

घरी येऊन तिने मेकॅनिकला फोन लावला आणि येऊ नकोस म्हणून सांगितलं. तो हसला, कोणी भेटलं का म्हणाला. ती म्हणाली, अजून माहीत नाही, पण तू येऊ नकोस. त्यावर तो इतक्या सहज बरं म्हणाला की तिला ते फार लागलं. फोन ठेवून ती पोटभर रडली. कळलं म्हणून दुखायचं थोडंच थांबतं.

शिलाईत आत सोडलेलं कापड होतं म्हणून खांदा वाचला. तिने तो उसवून बोटभर वर घेतला, परत टाके घातले, आणि ठरल्या दिवशी शाळा सुटल्यावर सर आले. कोट अंगावर असा बसला की काकांनीही मान वर केली. सर आरशात बघत राहिले. मग म्हणाले की कोट तर झाला, आता तुमचं काय ते सांगा.

कोटवालीने काही हातचं राखलं नाही. बाबांची बॅग सांगितली, आई सांगितली, मेकॅनिकसाठी धुतलेले पडदेसुद्धा सांगितले. सर ऐकत होते.

"तुम्ही आलात की माझ्या छातीत काही होत नाही," ती म्हणाली. "तुम्ही येणार हे मला माहीतच असतं. मला आजवर जे आवडलं ते सगळं जाणारं होतं. तुम्ही मला आवडता की नुसते सवयीचे झालात, हेच मला कळत नाही."

सरांनी थोडा विचार केला. "मी मुद्दाम थोडे दिवस न येऊन बघू का?" ते म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

"नको," कोटवाली म्हणाली. "मग तुम्ही मला फार आवडाल."

सरांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट ठेवला आणि आपला पेपरांचा गठ्ठा उचलला. "मी तुम्हाला उत्तर विचारलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही मला कारणं दिलीत." आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. ते जिना उतरून गेले. शटरची वेळ झाली नव्हती आणि ते जाताना येतो म्हणाले नव्हते.

खिडकीतून त्यांची पाठ दिसली. सर बाजारातून वळणाकडे चालले होते, आणि कोटवालीच्या छातीत एकदम धडधड सुरू झाली. तीच, तंतोतंत तीच. धावत जावं आणि त्यांच्या हाताला धरावं असं झालं. सर इतके देखणे तिला कधी दिसले नव्हते.

"जा की मग," काका म्हणाले.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "आत्ता गेले तर मी यांच्या मागे जाणार नाही काका, बाबांच्या मागे जाईन."

ती खुर्चीत बसली. मांडीवर कोणाच्या तरी पँटची तळपट्टी घेतली आणि हाताने टीप घालायला लागली. टाके वाकडे पडत होते, ते उसवून परत घातले. कानात ठोके वाजत होते, आणि प्रत्येक ठोका ऊठ म्हणत होता. ती उठली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती धडधडीला नाही म्हणत होती आणि त्याने तिला घाम फुटला होता. काकांनी शेवटचं काज पुरं केलं, चष्मा डबीत ठेवला आणि निघून गेले. खालचे दुकानदार माल आत घ्यायला लागले. हळूहळू टाके सरळ यायला लागले. मग केव्हा तरी तिच्या लक्षात आलं की छाती शांत झाली आहे.

आता मागे काय उरलंय ते तिने भीत भीत बघितलं. फार काही नव्हतं. दुपारी एक गिऱ्हाईक कोटाला आतून सहा खिसे मागत होतं, ते सरांना सांगायचं राहून गेलं होतं. कान लाल करून गेलेल्या माणसाने धड काही खाल्लं असेल का, असं मनात आलं. आणि उद्या शाळा सुटल्यावर ते खिडकीशी बसलेले असावेत, एवढं वाटलं. धडधड कुठेच नव्हती. तरी ते वाटत होतं, आणि ती बसून राहिली तरी जात नव्हतं.

तिने पायात चपला सरकवल्या, शटर स्वतःच ओढलं आणि सरांच्या घरी गेली. धावत नाही, रोजच्या चालीने गेली. बेल दाबली. दार उघडायला वेळ लागला, आणि तेवढ्यात हेही निघून गेले की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग सरांनी दार उघडलं. हातात लाल पेन होतं, चष्मा कपाळावर चढवलेला होता.

काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "घरी आहात ना?"

"मी कुठे जाणार?" सर म्हणाले, जरा चिडूनच.

एवढं साधं वाक्य तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. कोटवाली उंबऱ्यातच रडायला लागली, आणि सर गोंधळून बाजूला झाले, तिला आत यायला वाट देत.